गुरुपूजन म्हणजे नेमकं काय? शिऊरच्या बहिणाबाईंकडे पाहताना

(वैजापूर येथे गुरुपौर्णिमेनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



पेरण्या उरकल्या, आता खुरपणीचे दिवस आहेत. असे असताना तुम्ही संध्याकाळची सवड काढून इथे आलात, याबद्दल आधी आभार मानतो. विषय तुमच्या परिचयाचा आहे. गुरुपौर्णिमेला हार, श्रीफळ, पेढे हे सगळे आपल्याकडे होतेच. त्याबद्दल नवीन काय सांगणार, असे कोणाला वाटले तर त्यात चूक नाही. पण आम्ही हा विषय यंदा मुद्दाम मागून घेतला, त्याला एक कारण आहे. ते आधी सांगतो.

मागे अशाच एका व्याख्यानानंतर एक मावशी पायऱ्यांपाशी थांबल्या होत्या. सगळे गेल्यावर जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, गुरू सोडला तर पाप लागतं का हो?" आम्ही विचारले, काय झाले? तर म्हणाल्या, "आमच्या मालकांनी एका महाराजांचा मंत्र घेतला. आधी पाद्यपूजेला पैसे दिले, मग भंडाऱ्याला दिले, मग बांधकामाला दिले. एक एकर गहाण पडलं. आता पोरीच्या लग्नाचे ठेवलेले मागू राहिले. नाही म्हणावं तर म्हणतात, गुरूचा शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं."

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्ही गुळमुळीत उत्तर दिले. 'श्रद्धा तुमची, तुम्ही विचार करून ठरवा' असे काहीतरी बोललो आणि गाडीत बसलो. घरी येईपर्यंत मन खात राहिले. दीड तास गुरुमहिमा सांगणाऱ्या माणसाला एका बाईच्या सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर देता येऊ नये, हे काही बरे नाही. म्हणून आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

शब्द आणि दिवस

आधी शब्द बघू. 'गु' म्हणजे अंधार आणि 'रु' म्हणजे तो घालवणारा, ही फोड आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती गुरुगीतेच्या परंपरेतून आली आणि ध्यानात ठेवायला फार छान आहे. पण व्याकरणाने पाहिले तर 'गुरू'चा साधा अर्थ जड, वजनदार. गौरव, गरिमा हे शब्द त्याच घरातले. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरू. म्हणजे बघा, त्याचे वजन आपल्या डोक्यावर पडावे असा अर्थ त्यात कुठेच नाही!

आता दिवस. आषाढ शुद्ध पौर्णिमा ही व्यासपौर्णिमा. वेदांची विभागणी करणारे, महाभारत रचणारे म्हणून परंपरा व्यासांना आद्य गुरू मानते. पण हाच दिवस का? त्यामागे आपल्या पावसाचा हिशोब आहे. संन्याशी, साधू हे वर्षभर फिरणारे लोक. पावसाळ्यात नद्यांना पूर येतात, वाटा बंद होतात, पायाखाली जीवजंतू मरतात. म्हणून चार महिने एका ठिकाणी राहायचे, तो चातुर्मास. फिरता साधू गावात मुक्कामाला आला की गावाला शिकायची संधी मिळायची. त्या मुक्कामाच्या सुरुवातीला त्याचे पूजन करायचे. एका अर्थाने शाळा सुरू होण्याचाच हा दिवस. बौद्ध परंपरेत याच पौर्णिमेला सारनाथचा पहिला उपदेश स्मरतात आणि भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. जैन परंपरेतही चातुर्मास आहेच. आणि वारकऱ्यांचे विचाराल, तर आषाढीचा वारकरी पौर्णिमेला गोपाळपुरी काला करतो आणि मग परतीची वाट धरतो.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात घ्या. गुरुपौर्णिमा ही शिकणे सुरू करण्याची तिथी आहे. नुसता हार घालून घरी आलो, तर प्रवेश घेतला आणि वर्गात गेलोच नाही, असे होईल.

पाद्यपूजा, पादुका, दक्षिणा

पूजेतल्या तीन गोष्टी घेऊ.

पाद्यपूजा. 'पाद्य' म्हणजे पाय धुण्यासाठीचे पाणी. लांबून चालत आलेल्या माणसाचे पाय धुवायचे, ही मुळात पाहुणचाराची रीत. आपल्याकडे आजही लग्नात, वारीच्या वाटेवर ती दिसते. धुळीने भरलेले पाय धुतले जात. जो चालत आला, ज्याने कष्ट घेतले, त्याचे पाय धुवायचे. गालिच्यावरून आलेल्या पायांना आपण पाणी घालतो तेव्हा रीत शिल्लक राहते, कारण मात्र निघून गेलेले असते.

पादुका. दत्तसंप्रदायात पादुकांचे महत्त्व मोठे आहे. नरसोबाच्या वाडीला, गाणगापूरला दर्शन पादुकांचेच. पालखीतही आपण माउलींच्या, तुकोबांच्या पादुकाच नेतो. रामायणात भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या आणि राज्य चालवले, ते विश्वस्त म्हणून. म्हणजे पादुका ही गैरहजेरीची खूण आहे. गुरू समोर नसतानाही आपण नीट वागतो का, याची ती आठवण. गुरू चालून गेला, वाट दाखवून गेला. आता त्या वाटेने तुम्हाला चालायचे आहे.

तिसरी दक्षिणा. इथे जरा थांबू, कारण मावशींचा प्रश्न इथेच अडकला आहे. जुन्या गुरुकुलात दक्षिणा विद्या पुरी झाल्यावर, घरी परतताना द्यायची असे. आधी पैसा आणि मग मंत्र असा तो व्यवहार नव्हता. उपनिषदात शिष्य गुरूकडे जातो तो हातात समिधा घेऊन, म्हणजे जळणाची चार लाकडे घेऊन. का? कारण लाकडे कोणालाही आणता येतात. श्रीमंताच्या पोरालाही आणि गरिबाच्याही. छांदोग्यातला सत्यकाम जाबाल आठवा. बापाचे गोत्र ठाऊक नव्हते, आईने जे खरे ते सांगितले आणि त्याने ते गुरूला जसेच्या तसे सांगितले. त्याच्या खरेपणावर गुरूने त्याला घेतले.

दक्षिणेची वाईट गोष्टही आपल्याच ग्रंथात आहे. द्रोणांनी एकलव्याला काही शिकवले नव्हते आणि मागताना अंगठा मागितला. महाभारताने ती गोष्ट लपवली नाही. न शिकवता मागणारा गुरू कसा असतो, हे आपल्याला त्या काळापासून ठाऊक आहे.

देवगिरीवरची एका पैची चूक

आता आपल्या मुलखात येऊ. गुरुशिष्यांच्या जोड्यांनी आपला गोदाकाठ भरलेला आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली गीतेवरचे भाष्य सांगितले. त्यांचे गुरू कोण? थोरले भाऊ निवृत्तिनाथ. घरातला मोठा भाऊसुद्धा गुरू असू शकतो, हे लक्षात घ्या. तेराव्या अध्यायात 'आचार्योपासना' हा एकच शब्द आला आणि माउली तिथे ओव्यांमागून ओव्या थांबून राहिली. आपण गुरूचे घर व्हावे, दिवा व्हावे, मेल्यावर आपली माती त्यांच्या पायाखाली यावी, असे ते बोलतात. ते प्रेम मोठेच आहे. पण त्या प्रेमातून प्रत्यक्षात घडले काय? नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ घडला. गुरूने सांगितले की हे ज्ञान लोकांच्या भाषेत सांग, आणि शिष्याने ते सांगितले. पूजा अशी कामातून झाली.

दुसरी जोडी जनार्दनस्वामी आणि एकनाथ. देवगिरीचा किल्ला तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. जनार्दनस्वामी तिथले किल्लेदार, निजामशाहीच्या चाकरीतले. परंपरा त्यांचे गुरू दत्तात्रेय मानते. सूफी फकीर चांद बोधले हे त्यांचे गुरू होते, असेही एक मत आहे आणि बोधल्यांची समाधी दौलताबादेलाच आहे. पैठणचा लहानगा एकनाथ त्यांच्याकडे शिकायला गेला. तिथली एक गोष्ट कीर्तनात आपण ऐकतो. स्वामींनी नाथांना हिशोबाचे काम दिले होते. एकदा जमाखर्चात एका पैचा फरक येईना का कमी! नाथ रात्रभर बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, तीच देवाकडे लावली तर?

या गोष्टीकडे आम्ही वेगळ्या बाजूनेही पाहतो. इथे गुरूकडे हिशोब आहे! एक पै इकडची तिकडे झाली तर चालत नाही. ज्या ठिकाणी हिशोब विचारणे म्हणजे अश्रद्धा समजली जाते, त्या ठिकाणाने जनार्दनस्वामींचे नाव घेऊ नये.

आणि पुढे काय झाले? स्वामींनी नाथांना जवळ ठेवून घेतले नाही. तीर्थयात्रा कर, घरी जा, म्हाताऱ्या आजी-आजोबांना सांभाळ, संसार कर, असे सांगितले. शिष्याला त्याच्या घरी परत पाठवणारा हा गुरू. नाथांनी आयुष्यभर अभंगांत आपल्या नावाला 'जनार्दन' जोडले, 'एका जनार्दनी'. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची टीका शके 1495 मध्ये काशीत पुरी केली, शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला आपण जातो, तो दिवस परंपरेने स्वामींच्या जन्माचा, गुरुभेटीचा, स्वामींच्या समाधीचा आणि 1599 साली नाथांच्याही समाधीचा. गुरू आणि शिष्य यांची तिथीसुद्धा एकच झाली.

याच अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू येतात. पृथ्वी, वारा, पाणी, कबुतर, अजगर, मधमाशी, मासा, कोळी, एक बाण करणारा कारागीर, एक लहान मूल, पिंगला नावाची वेश्यासुद्धा. काहींकडून काय करावे ते शिकला, काहींकडून काय करू नये ते शिकला. म्हणजे गुरूचे सगळेच उचलायचे असे नाही, हे त्यातच आले.

शिऊरची बहिणाबाई

आता ज्यांच्यासाठी आम्ही इथे आलो त्यांच्याकडे वळतो. शिऊर बंगल्याला आपण एसटी बदलतो, चहा पितो. त्या शिऊर गावात एका मोठ्या बाईची समाधी आहे. संत बहिणाबाई. जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या बरं का, त्या अलीकडच्या, विसाव्या शतकातल्या कवयित्री. या बहिणाबाई 1628 च्या. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा, ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरातला. अगदी लहानपणी लग्न झाले, वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी. पुढे घरात अडचण आली आणि सगळे कुटुंब पायी निघाले. पंढरपूर करत करत कोल्हापूरला पोचले.

हे सगळे आम्ही कुठून सांगतो? त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या आयुष्याची हकिकत त्यांनी अभंगांत सांगितली. सतराव्या शतकातल्या मराठी बाईने आपल्या तोंडाने सांगितलेले आत्मचरित्र! 1929 साली जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते जगभर वाचले गेले. आणि आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत ते पोचले, ते तुम्हीच मनाशी विचारा.

कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने चालत. ही मुलगी ती ऐकायला जाई. तिथे तिच्या कानावर तुकोबांचे अभंग पडले. एक वासरू तिला लळा लावून होते, ते मेले. त्या धक्क्यात ती काही दिवस शुद्धीवर नव्हती. आणि त्या अवस्थेत स्वप्नात तुकोबा आले, त्यांनी मंत्र दिला, असे ती सांगते. गंमत बघा, तुकोबांनाही त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य स्वप्नातच भेटले होते. माघ शुद्ध दशमीचा तो दिवस वारकरी अजून पाळतात. दोघांच्याही बाबतीत गुरू दाराशी वसुलीला आला नव्हता. शिष्याच्या आत ओढ होती.

आता अडचण कुठे आली? बहिणा ब्राह्मणाची सून आणि तुकोबा कुणबी, त्या काळच्या भाषेत शूद्र. ब्राह्मण बाईने शूद्राला गुरू केले, हे कळल्यावर नवरा खवळला. त्याने तिला मारले, बांधून ठेवले, घर सोडून जायला निघाला. ती हे सगळे लिहिते. ती घर सोडून गेली नाही आणि गुरूही सोडला नाही. नवऱ्याची सेवा करीन, पण मनातला तुकोबा जाणार नाही, या दोन्ही गोष्टी तिने एकदम धरल्या. आजच्या मुलींना त्यातले काही पटेल, काही पटणार नाही. मार सोसावा असे आम्ही आज कोणालाही सांगणार नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. गुरू कोण, हे ठरवण्याचा अधिकार तिने नवऱ्याला दिला नाही, जातीला दिला नाही आणि पंचांनाही दिला नाही. तो अधिकार तिने स्वतःकडे ठेवला.

पुढे नवरा आजारी पडला, त्याचे मन पालटले आणि दोघे मिळून देहूला गेले. तिथे तुकोबांना पाहिल्याचेही ती सांगते.

मंबाजीचा प्रसंग

देहूत मंबाजी गोसावी होते, मठ होता, मान होता. त्यांना वाटले, हे ब्राह्मण कुटुंब आपले शिष्य व्हावे. त्यांनी तसे विचारले. उत्तर मिळाले की आमचे गुरू तुकोबा आहेत. झाले! शूद्र कसा गुरू होऊ शकतो म्हणून ते चिडले, त्रास द्यायला लागले. या कुटुंबाची गाय होती, ती धरून नेली, बांधून मारली. तिच्यावरचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, अशी आठवण परंपरा सांगते.

आता मावशींचा प्रश्न या प्रसंगाशेजारी ठेवून बघा. एकाच गावात दोन माणसे. एकाजवळ मठ आहे, तो म्हणतो, मला गुरू करा, नाहीतर बघून घेतो. दुसरा म्हणत नाही की मी गुरू आहे. सावकारी घरातला हा माणूस, दुष्काळ पाहिला आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे चरित्र सांगते. लोकांची गहाणखते बुडवणारा एक, आणि शेत गहाण टाकायला लावणारा दुसरा. दोघांनाही आपण 'महाराज'च म्हणतो! शब्द एकच असल्यामुळे फसगत होते.

बहिणाबाईंनी मंबाजीला नाही म्हटले. त्यांना पाप लागले का? त्या संत झाल्या. 1700 साली त्यांनी देह ठेवला, तोपर्यंत गुरूचे काम करत राहिल्या. आदिनाथापासून तुकोबांपर्यंतची गुरुपरंपरा सांगितली. भागवत धर्माला इमारतीची उपमा दिली, पायाला कोण, खांबाला कोण, कळसाला कोण, हे आज प्रत्येक कीर्तनकाराच्या तोंडी आहे. ती उपमा शिऊरच्या बाईची, हे मात्र सांगायचे राहून जाते. शिवाय वज्रसूची या संस्कृत ग्रंथाच्या आधाराने, ब्राह्मण कोणाला म्हणावे, जन्माने की ज्ञानाने, हा प्रश्न त्यांनी मराठीत मांडला. ही त्यांची गुरुदक्षिणा.

गुरू सोडता येतो का?

आता थेट उत्तराकडे येऊ. कोणी म्हणेल, बहिणाबाईंनी मंबाजीला गुरू केलेच नव्हते. पण केलेला गुरू सोडता येतो का? शास्त्रात गुरुद्रोह सांगितला आहे, त्याचे काय?

चार गोष्टी सांगतो. पहिली, महाभारताच्या उद्योगपर्वातली. परशुराम भीष्मांचे गुरू. अंबेच्या प्रकरणात ते भीष्मांवर चालून आले. तेव्हा भीष्म त्यांना जुन्या वचनाचा आधार देऊन सांगतात की गुरू गर्वाने फुगला, काय करावे आणि काय करू नये हे त्याला उमगेनासे झाले, आडवाटेला लागला, तर त्याचाही त्याग करावा. आणि भीष्मांनी नमस्कार करून युद्ध केले. म्हणजे आदर ठेवून नाही म्हणता येते, हे भीष्मांनी दाखवले.

दुसरी, तैत्तिरीय उपनिषदातली. शिक्षण संपवून जाणाऱ्या शिष्यांना गुरू सांगतो की आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच घ्या, बाकीची घेऊ नका. गुरूच सांगतो आहे की आम्हाला निवडून घ्या! पारखायची परवानगी शिष्याला गुरूनेच दिलेली आहे.

तिसरी, समर्थांची. दासबोधाचा पाचवा दशक काढा. त्यात आधी गुरू का हवा ते सांगितले, मग गुरूची लक्षणे, मग शिष्याची. चमत्कार करून दाखवतो म्हणून कोणी सद्गुरू होत नाही, हे समर्थांनी तिथे स्वच्छ सांगून टाकले आहे. आणि प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषींकडे सहा जण आले, तेव्हा ते म्हणाले, आधी वर्षभर इथे राहा, मग विचारा. वर्षभरात गुरू शिष्याला पारखतो, तसा शिष्यही गुरूला पारखत असतोच. आपण गाय घेताना चार वेळा धार काढून बघतो. गुरू करताना मात्र एका प्रवचनात कान पुढे करतो.

चौथी, कायद्याची. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणा प्रतिबंधाचा कायदा आहे. चमत्काराचा दावा करून फसवणे, लुबाडणे, करणी-भानामतीच्या नावाने दहशत घालणे, असे प्रकार त्यात येतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. पोलीस ठाण्याचे निरीक्षक हे त्यातले दक्षता अधिकारी. या कायद्याने वारी, कीर्तन, प्रवचन, पूजा यांना हात लागत नाही, ते कायद्यातच लिहिले आहे. तेव्हा 'धर्मावर घाला' वगैरे कोणी सांगितले तर घाबरू नका.

मग गुरुद्रोह कशाला म्हणायचे? ज्याने शिकवले त्याचे शिकवणे बुडवणे, हा गुरुद्रोह. तुकोबांचे अभंग म्हणायचे आणि जातीवरून पंगत वेगळी मांडायची, हा गुरुद्रोह. नाथांच्या षष्ठीला जायचे आणि हिशोबात घोळ करायचा, हा गुरुद्रोह. पोरीच्या लग्नाचे पैसे द्यायला नाही म्हणणे, हा गुरुद्रोह नाही. मावशी, पाप लागत नाही. हे उत्तर त्याच दिवशी पायरीवर द्यायला हवे होते, ते आज देतो.

शिष्याचीही जबाबदारी

पण सगळा दोष भोंदूंच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. भोंदू गुरू का चालतो? कारण आपल्यालाही आयते हवे असते. नोकरी लागावी, कोर्टातली केस सुटावी, मुलगा व्हावा. ज्ञान कोणालाच नको, काम व्हायला हवे! मग काम करून देतो म्हणणारा भेटतोच. गीतेच्या चौथ्या अध्यायात शिष्याला तीन गोष्टी सांगितल्या आहेत, प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार करा, विचारा आणि राबा. आपण पहिली धरली, तिसरीचा अर्थ पैसे देणे असा केला आणि मधली, प्रश्न विचारण्याची, सोडून दिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले. तिघांपैकी एकालाही ते प्रत्यक्ष भेटलेले नव्हते. वाचून, पारखून, विचार करून त्यांनी ते निवडले. म्हणजे गुरू करायला जिवंत माणूस, मांडव आणि माईक लागतोच असे नाही. बहिणाबाई स्वप्नातल्या तुकोबांवर उभ्या राहिल्या, बाबासाहेब ग्रंथांतून भेटलेल्या फुल्यांवर.

बेटावरची परंपरा

सामुदायिक पूजन कसे असावे, याचेही उदाहरण आपल्याजवळ आहे. गोदावरीच्या पात्रातले सराला बेट. वैजापूर आणि श्रीरामपूर या दोन तालुक्यांच्या मधले. गंगागिरी महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अखंड हरिनाम सप्ताह सुरू केला आणि ती माळ तुटली नाही. 2025 मधला 178 वा सप्ताह आपल्याच तालुक्यात, शनी देवगावला झाला. तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे सेवा केली असेल.

दरवर्षी गाव बदलते. भजन दिवसरात्र थांबत नाही, गावे आपापल्या पाळीने प्रहर सांभाळतात. मध्यरात्रीच्या पाळीला उभे राहिलेले शेतकरी आम्ही पाहिले आहेत, डोळे मिटत असतात पण टाळ चुकत नाही. आणि महाप्रसाद आमटी-भाकरीचा. भाकरी गावोगावच्या चुलींवर होतात आणि ट्रॉलीत भरून मांडवात येतात. त्या ढिगात कोणाची भाकरी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. तिथे कोणी दिलेल्या भाकरीवर नाव लिहीत नाही. आमच्या मते, हे गुरुपूजन. कष्टाचे, आपल्या ऐपतीतले आणि दहाजणांच्या पोटात जाणारे. अशा ठिकाणीही मंच मोठा होत जातो, फलक वाढत जातात, तेव्हा भाकरीकडे लक्ष राहू द्यावे, एवढीच विनंती.

घरी जाऊन काय करायचे?

आता आवरते घेतो. तीन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, ज्याच्याकडून खरोखर काही शिकलात अशा एका माणसाकडे या आठवड्यात जा. प्राथमिक शाळेतल्या बाई असतील, गवंडीकाम शिकवणारा मिस्त्री असेल, पाणी किती द्यायचे ते सांगणारा बांधाशेजारचा शेतकरी असेल. त्यांना सांगा की तुमचे हे अजून माझ्या उपयोगी पडते. हार नसला तरी चालेल.

दोन, कोणाला गुरू करायचे असेल तर वर्षभर थांबा. त्या माणसाला प्रश्न विचारा, हिशोब विचारा. उत्तर शांतपणे आले तर पुढे जा. उत्तरात शाप आला तर नमस्कार करा आणि घरी या.

तीन, एकदा शिऊरला जा. मुलींना घेऊन जा. बहिणाबाईंची गाथा घरात असू द्या आणि त्यातले आत्मचरित्राचे अभंग तरी मोठ्याने वाचा. आपल्याच तालुक्यातल्या बाईने चारशे वर्षांपूर्वीच्या त्या काळात काय धाडस केले, हे आपल्या मुलींना ठाऊक असायला हवे.

बराच वेळ बोललो. परिप्रश्नावर एवढे बोलल्यावर आता प्रश्न न घेता उठलो, तर तो आमच्याकडून गुरुद्रोह होईल. तेव्हा माईक खाली येऊ द्या. बायकांच्या बाजूने सुरुवात करू. आणि या वेळी कोणाला पायऱ्यांपर्यंत थांबायला लागू नये.

रामकृष्णहरी.